बाबा बुडतील एवढं गवत

आमच्या घरी गवत कापायला आलं की नाही, हे बाबा दिसतात की नाही यावरून ठरायचं. दुसरं माप आम्हाला ठाऊकच नव्हतं. गोठ्याच्या मागे, विहिरीपासून पार नाल्यापर्यंत, आमचं हत्तीगवत उभं असायचं. कापणीच्या पहिल्या दिवशी सकाळी बाबा डोक्याला पंचा गुंडाळून, हातात विळा घेऊन त्यात शिरायचे आणि आई विहिरीच्या ओट्यावर उभी राहायची. थोडा वेळ पाती सळसळायची, मग सगळं शांत व्हायचं आणि आतून आवाज यायचा, "दिसून राहिलो का वं?" आई टाचा उंचावून बघायची. पंचाचं टोक जरी दिसलं तरी ती ओरडून सांगायची, "दिसून राहिले!" मग बाबा विळा न चालवता तसेच बाहेर यायचे आणि चार दिवसांनी पुन्हा आत जायचे. ज्या दिवशी आई म्हणायची, "नाही दिसत," त्या दिवशी आतून पुढचा प्रश्न यायचा, "अन् हात?" म्हणजे त्यांनी विळ्याचा हात सरळ वर धरलेला असायचा. तोही बुडालेला असला, की मगच पहिला ठोंब, म्हणजे गवताचा पहिला झुबका, कापला जायचा. मी दोन-तीन वर्षांची असताना बाबा खरोखरच नाहीसे झाले असं वाटून मोठ्यानं गळा काढायचे म्हणे. ते धावत बाहेर येऊन मला उचलायचे, पण त्यांच्या हातांना गवताची बारीक कुसं लागलेली असायची, ती टोचली की मी आणखी रडायचे. हे मला आठवत नाही, आत्यानं सांगितलेलं आहे, आणि आत्याच्या कुठल्याही हकिगतीत निम्मं मीठमसाला तिच्या पदरचा असायचा.

ही सगळी जागा आजच्या नंदनवन नावाच्या वस्तीला लागून होती. मी आता राहते तो फ्लॅट तिथून हाकेच्या अंतरावर आहे. विहीर बुजवली आणि त्या जागी गाड्या धुण्याचं दुकान झालं. माझ्या मुलाची गाडी तिथंच धुतली जाते आणि मला दर वेळी वाटतं, पाणी अजून तिथलंच असेल. त्या काळी आमच्यापुढे शहर जवळजवळ संपत असे. घरात आम्ही चार माणसं: बाबा, आई, आत्या आणि मी. गोठ्यात तीन म्हशी. आत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत ती परत आली होती, का ते तिनं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. धारा काढायचं काम तिचं. तिच्याखेरीज कोणी म्हशीखाली बसलं तर म्हैस पान्हा चोरायची आणि आत्या दिवसभर त्या माणसाला टोमणे मारायची. आई स्वयंपाकघर, दही, तूप आणि आत्या यांना सांभाळायची.

सकाळी मला जाग यायची ती कुट्टीच्या आवाजानं. कुट्टी म्हणजे वैरण बारीक करायचं हातानं फिरवायचं यंत्र. बाबा चाक फिरवायचे आणि आई गवताचे भारे तोंडाशी सारायची. पात्याखाली गवताची धांडं यायची तेव्हा कट्, कट्, कट् असा आवाज सगळ्या वाडीत घुमायचा आणि मध्येच चाक अडकलं की बाबांचा एक हुंकार. त्यांना त्या अडकण्याचाही अभिमान होता. "पाह्य," ते म्हणायचे, "धांडे नाही, बांबू हायेत बांबू!" चाक थांबलं की चुलीपाशी आत्याची भाकर थापण्याची थाप ऐकू यायची. भाकर आणि चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, त्यावर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. रविवारी डाळीचे गोळे घातलेला गोळाभात आणि त्यावर फोडणीचं तेल. दूध विकायचं असल्यामुळे आम्ही दूध फारसं प्यायलो नाही, पण ताक इतकं प्यायलो की अजूनही जेवणानंतर पेलाभर ताक नसेल तर मला जेवण झालं असं वाटत नाही.

अंघोळीच्या पाण्याची तर मोठी सोय होती. म्हशी गव्हाणीत जी धांडं टाकून द्यायच्या, ती आत्या गोळा करून कुंपणाजवळ वाळत घालायची आणि त्यांच्यावर आमचा बंब तापायचा. एका टोपल्यात दोघांचं पाणी कढत व्हायचं. "गवताचं गवत, जळणाचं जळण," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "ऊस लावला का गा, नामदेवा?" आणि बाबा त्यांना हौसेनं आत नेऊन दाखवायचे. एवढा मोठा भाग इतका छान जळतो, तो म्हशीनं खाल्ला काहून नाही, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आला नाही. मी शाळेत गणितात पहिली यायचे, तरी आला नाही. आता आठवलं की मी एकटीच हसते आणि माझी सून चिंतेनं माझ्याकडे बघते.

चंद्रीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. ती आमच्याच गोठ्यात जन्मलेली, कपाळावर पांढरा चांद असलेली म्हैस. ती वगार, म्हणजे लहानशी पारडी, असताना तिची आई मेली आणि मी तिला बोट चोखायला देत देत वाटीनं दूध पाजलं होतं. त्यामुळे ती मोठी झाल्यावरही मला बघून मान लांब करायची आणि माझ्या वेणीचं टोक तोंडात घ्यायची. पहिल्या दोन वेतांत तिनं आत्याची पितळी चरवी पोच्यापर्यंत भरली. हा पोचा म्हणजे आत्यानं कधीतरी ती चरवी कुत्र्यामागे फेकली होती, त्याची खूण. चरवीच्या मध्यापेक्षा बराच वर होता. धार काढून झाली की आत्या आत वाकून बघायची. दूध पोच्याला लागलं असेल तर त्या दिवशी ती सगळ्यांशी नीट बोलायची.

तिसऱ्या वेताला, ऐन पावसाळ्यात, चंद्री व्यायली आणि दूध काही पोच्याकडे चढेना. ढेप घातली, जवसाची पेंड घातली, आत्यानं दृष्ट काढली. म्हैस धडधाकट, खायची पोटभर, रवंथ करायची दिवसभर, आणि दूध मात्र पोच्याच्या खाली चार बोटं. कन्हानचा गेंदालाल नावाचा म्हशींचा व्यापारी अधूनमधून आमच्याकडे यायचा. त्यानं चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, कास दाबून बघितली आणि मान हलवली. "नामदेवभाऊ, ही आता फक्त खानेवाली झाली. हिच्या जागेवर दुसरी बांधा. मी घेऊन जातो हिले." बाबांनी चंद्रीच्या कपाळावरचा चांद चोळला. मग म्हणाले, "दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर ये." मी दाराआड उभी होते. गेंदालाल गेला तशी मी बाबांच्या पुढ्यात जाऊन रडले, चांगली भोकाड पसरून, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असणाऱ्या मुलीला शोभणार नाही अशी. बाबा म्हणाले, "मले काय हौस हाय का, बाई? तीन दावणी हायेत. एक रिकामी खाऊन राहिली तर दोघींनी किती पुरवायचं?" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मी शेती शिकायच्या कॉलेजात होते. वर्गात आम्ही तीनच मुली. तिथं चारापिकांचं प्रात्यक्षिक सुरू झालं आणि सरांनी सांगितलं, ज्यांच्या घरी गवत आहे त्यांनी एक ठोंब घेऊन या. माझी कॉलर ताठ झाली. बाबांनी निवडून निवडून सगळ्यात उंच धांडं कापून दिली. ती सायकलला उभी बांधता येईनात म्हणून आडवी बांधली, आणि मी अर्ध्या शहरातून निघाले तेव्हा पुढून-मागून येणारे सायकलवाले मला शिव्या देत बाजूला होत होते. वर्गात ती धांडं भिंतीला टेकवून ठेवली तर छताला टेकायची बाकी राहिली. मुलं "ओहो" म्हणाली. सर बारीक अंगाचे, अतिशय हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी धांडांभोवती एक फेरी मारली, "वा," म्हणाले आणि माझ्या हातात कात्री दिली. "पानं एका बाजूला काढ, धांडं एका बाजूला."

मी तासभर ते करत होते. शेवटी टेबलावर पानांचा एक लहानसा ढीग झाला आणि धांडांचा भलामोठा. सरांनी धांडाचा एक तुकडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "चावून बघ." मी चावला. दातात चोयट्या अडकल्या, रस म्हणून नाही. वर्ग हसायला लागला. "म्हशीच्या पोटाला चार कप्पे आहेत, म्हणून तिनं लाकूड पचवावं का?" सर म्हणाले. मग त्यांनी फळ्यावर न लिहिता, टेबलाला टेकून सांगितलं. गवत वाढतं तसतसं त्याचं वजन वाढतं, शेतकऱ्याचा ऊर भरून येतो, पण पानं कमी आणि धांडं जास्त होतात. उभं राहायचं म्हणून धांडं टणक होतात. जनावराच्या अंगी लागतं ते पानांत असतं, आणि ते वयाबरोबर ओसरत जातं. पोट भरतं, दूध होत नाही. हे ऐकताना मला फक्त चंद्रीची चरवी दिसत होती. सरांनी कॉलेजच्या वाफ्यातून कोवळं, मध्यम आणि जून असं तीन वयांचं गवत कागदी पिशव्यांत भरून भट्टीत वाळायला ठेवलं आणि सांगितलं, परवा येऊन वजन करायचं, खरा धडा तेव्हाच कळेल. मी ते वाक्य कानाआड केलं. मला धडा कळला होता. परवाच्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही, कारण मी घरी म्हैस वाचवत होते.

घरी जाऊन मी बाबांना म्हटलं, "बाबा, चंद्री चांगली हाय. तुमचं गवत म्हातारं हाय." आईच्या हातातलं उलथनं थांबलं. बाबांना कोणी काहीही म्हणावं, त्यांच्या गवताला कोणी बोलू नये. ते म्हणाले, "माह्या गवताले आजवर कोणी नाव ठेवलं नाही. अन् तू चार बुकं वाचून मले शिकवून राहिली?" मी पानांचं सांगितलं, धांडांचं सांगितलं, बाबा ऐकेनात. तेवढ्यात आत्या उठली. मला वाटलं, ही आता मला फाडून खाणार. ती मागे गेली, कुंपणाजवळची वाळलेल्या धांडांची टोपली डोक्यावर घेऊन आली आणि बाबांच्या पायाशी धाडकन पालथी केली. "हे पाह्य, नामदेवा. हे एका दिवसाचं उष्टं हाय. सकाळ-संध्याकाळ मी उचलतो, मले ठाऊक हाय. म्हैस पानं खाते अन् आपण तिच्या जेवणानं आंग धुतो!" आत्या स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं 'मी उचलतो' म्हणायची, तशी आमच्याकडच्या जुन्या बायकांना सवयच होती. बाबांनी ढिगातलं एक धांड उचलून बोटांनी दाबून बघितलं. शेवटी म्हणाले, "विहिरीकडचं अर्धं तुह्यं. नाल्याकडचं माह्यं. दिवाळीपर्यंत काय करायचं ते कर."

आता मी काय केलं ते सांगते. जून गवत वाईट, तर कोवळं चांगलं, आणि कोवळं चांगलं तर अगदी कोवळं सर्वांत चांगलं, असा मी हिशेब केला. माझ्या अर्ध्यातलं सगळं जून गवत छाटून टाकलं आणि नवे फुटवे गुडघ्याला आले न आले तोच विळा लावला. लुसलुशीत, हिरवंगार, हातानं तोडता येईल असं. कुट्टीचीही गरज पडेना. म्हशींनी ते दोन मिनिटांत फस्त केलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. दोन दिवस चरवीत दूध बोटभर वाढलं. मी अंगणात नाचले. तिसऱ्या दिवशी तिन्ही म्हशींना पातळ शेण लागलं. चंद्रीनं धारेच्या वेळी शेपटी फिरवली आणि आत्याच्या धुतलेल्या लुगड्यावर, तोंडावर आणि चरवीतसुद्धा तिनं करायचं ते केलं. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी थेट बोलेना. माझ्यादेखत म्हशीला सांगायची, "चंद्रे, विचार वं तिले, आज काय खाऊ घालून मारते आमाले." म्हशी भुकेनं दुपारभर हंबरायच्या. भारेच्या भारे कापावे तरी पुरेना, म्हणून मी फुटवे पुन्हा वर येताच पुन्हा कापले. तिसऱ्या खेपेला ठोंबांना ताकदच राहिली नाही; दोन-चार पिवळट पाती आली आणि थांबली. दूध होतं त्याच्याही खाली गेलं. दिवाळी महिन्यावर आली होती आणि माझं अर्धं वावर टकलं झालं होतं.

शेवटी मी सरांकडे गेले आणि झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी पिशव्या तोलायला तू होतीस का?" मी "नाही" म्हटलं. त्यांनी कपाटातून त्या तीन पिशव्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. भरताना तिन्ही सारख्या वजनाच्या होत्या. कोवळ्याची पिशवी आता हाताला लागेना. आत चिमूटभर पाचोळा. "पाणी होतं ते," सर म्हणाले, "तू म्हशींना पाणी खाऊ घालत होतीस." जुन्याची पिशवी जड, पण आत काटक्या. मधल्या पिशवीत वजनही होतं आणि चुरगळली तर बोटांत पानांचा भुगाही येत होता. मग त्यांनी ठोंबांचं सांगितलं. कापलेला ठोंब पुन्हा उभा राहतो तो मुळांत साठवलेल्या बळावर. ते साठायच्या आत कापत राहिलं तर तो खंगतो. "पावसाळ्यात साधारण दीड महिना थांब. धांड बुडाशी वाकवून बघ. वाकलं तर वेळ आहे, कट् करून मोडलं तर वेळ गेली. वीतभर खोड ठेवून काप. आणि पुढच्या वेळी प्रात्यक्षिक पूर्ण कर." रागावले असते तर बरं वाटलं असतं, इतके ते हळू बोलले.

सायकल हाणत घरी येताना मला उमगलं, की दीड महिन्याचं गवत मोजून एकाच ठिकाणी आहे, आणि ते बाबांचं आहे. माझे पहिले फुटवे येईपर्यंत म्हशींसाठी नाल्याकडचं अर्धं त्यांनी कापलं होतं आणि ते आता ऐन वयात आलं होतं. बाबा दर चार दिवसांनी त्यात शिरून येत होते. अजून त्यांचं डोकं बुडत नव्हतं. मी संध्याकाळी, चहाच्या वेळी, सगळं कबूल केलं: अर्धवट शिकले, तुमचे ठोंब मारले, तिन्ही म्हशी उपाशी ठेवल्या. आणि मग म्हटलं, "बाबा, तुमचं गवत आज कापा. उद्या बुडाल तेव्हा उशीर होईल." आत्या म्हशीला न सांगता थेट माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे अर्धंच शिकून आली होती तू?" "हो जी." "अन् आता पुरं शिकून आली कशावरून?" मी नाल्यापर्यंत पळत गेले, एक धांड बुडाशी वाकवलं, ते न मोडता वाकलं, आणि मी तिथूनच ओरडले, "वाकलं, बाबा!" बाबा उठून गोठ्यात गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. चंद्री गेली तर ती माझ्यामुळे जाणार होती, गवतामुळे नाही, आणि हे मला आयुष्यभर पुरलं असतं.

सकाळी कुट्टीचा आवाज आला नाही म्हणून मी बाहेर आले. बाबा पंचा गुंडाळून गवतात शिरत होते. आई सवयीनं ओट्यावर चढली होती. पाती सळसळली, थांबली. बाबा आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, छातीपर्यंत गवतात, वर सगळेच्या सगळे उघडे. सवयीनं त्यांनी विळ्याचा हातही वर केला. "दिसून राहिलो का वं?" आईनं माझ्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "दिसून राहिले. सारेच्या सारे." तेव्हा मला कळलं की मी त्यांच्याकडे नुसतं गवत नाही, त्यांचं मापच मागितलं होतं. मग ते खाली वाकले आणि विळ्याचा आवाज सुरू झाला. रस्त्यावरून दूधवाला चालला होता, तो थांबून म्हणाला, "काय गा, यंदा गवत बुटकं निघालं का?" बाबा कमरेत ताठ होऊन म्हणाले, "गवत बुटकं नाही, आमची पोरगी शिकून राहिली."

त्या दिवशी कुट्टीचं चाक एकदाही अडकलं नाही. सर्र, सर्र असा मऊ आवाज येत होता आणि सगळीकडे कापलेल्या पानांचा गोडसर वास सुटला होता. संध्याकाळी आत्या टोपली घेऊन गव्हाणी साफ करायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. गव्हाणी म्हशींनी चाटून ठेवल्या होत्या. बाबांनी रोज पुरेल एवढंच, ओळीनं कापायला सुरुवात केली आणि माझे टकले ठोंब तोवर मुकाट्यानं पुन्हा अंग धरू लागले. दूध पहिल्या दोन-तीन दिवसांत काही हललं नाही. मग चढायला लागलं. आधी पुन्हा चार बोटांवर, मग तीन, मग दोन. आत्या आम्हाला चरवीत बघू देईना, पदरानं झाकून न्यायची आणि विचारलं तर म्हणायची, "दूध हाय, दुसरं काय राहीन?" वसुबारसेच्या सकाळी मात्र ती धार काढून उठली, चरवी तशीच उघडी घेऊन अंगणात आली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली. फेस पोच्याच्या वर होता. बाबांनी फुंकर मारून फेस बाजूला केला. दूध पोच्याला लागलेलं होतं. मी चंद्रीच्या गळ्यात पडले आणि तिनं माझी वेणी खाल्ली.

त्या दिवाळीला एकच पंचाईत झाली. बंबात घालायला धांडंच नव्हती. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून आम्ही तिघी कुडकुडत बसलो आणि बाबा लाकडं शोधत वाडीभर फिरत होते. "दूध पाह्यजे का गरम पाणी, एकच काय ते सांगा," ते ओरडले. आईचं म्हणणं होतं की एक ओळ तरी जुनी होऊ द्यायला काय हरकत होती. शेवटी शेजारून जळण आलं आणि सूर्य चांगला वर आल्यावर आमचं अभ्यंगस्नान पार पडलं. दिवाळीनंतर गेंदालाल आला. बाबांनी त्याला बसवलं, आईनं आटवलेल्या दुधाचा चहा दिला. तो बशी संपवून म्हणाला, "तर काढू का बाहेर चंद्रीले?" बाबा म्हणाले, "चहा कसा होता?" "एकदम मलाईवाला." "तिचाच हाय. आता जा."

विहिरीकडची शेवटची ओळ कापताना बाबांनी विहिरीजवळच्या कोपऱ्यातला एक ठोंब तसाच सोडला. मी विळा घेऊन पुढे झाले तर त्यांनी हात आडवा धरला. "हा राहू दे. हा माह्या." मी वाद घातला नाही. तो ठोंब वाढत गेला. धांडं बोटाएवढी जाड झाली, खालची पानं वाळून लोंबू लागली, थंडीत त्याला तुरे आले. चंद्रीनं त्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. संक्रांतीच्या सकाळी आम्ही तिघी ओट्यावर तीळ निवडत बसलो होतो. बाबा पंचा गुंडाळून, विळा घेऊन आले आणि मोठ्या गंभीरपणे त्या एकट्या ठोंबामागे जाऊन उभे राहिले. एका बाजूनं त्यांचं कोपर बाहेर होतं, दुसऱ्या बाजूनं पोट, आणि धांडांच्या फटींतून अख्खे बाबा आमच्याकडे बघत होते.

"दिसून राहिलो का वं?"

आई, आत्या आणि मी, एरवी मिठाच्या प्रमाणावरही ज्यांचं कधी एकमत झालं नाही अशा आम्ही तिघी, एका सुरात ओरडलो, "नाही!"

"अन् हात?" ठोंबामागून आवाज आला.